पेन्सिकला जाताय? आधी आतला सदरा शिवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीहून नवरा, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच पेन्सिकला, म्हणजे मध्ययुगीन वेशात राहायच्या मेळ्याला, निघालेत. आठ दिवस तंबूत राहणार. घरी साधं शिवणयंत्र आहे, ब्लाउज आणि परकर शिवण्याइतका हात बसलेला आहे आणि हातात सहा आठवडे आहेत. मनात हिरव्या मखमलीचा एक झगा भरलाय. कापड कुठलं घ्यावं, किती जोड लागतील, किती अस्सल असायला हवं, मंगळसूत्र चालेल का आणि मुलाला मावळा व्हायचंय ते जमेल का? उत्तरं देते सगळ्यांची, क्रम माझा.

मी पिट्सबर्गला राहते आणि बारा वर्षं पेन्सिकला जातेय. पश्चिम पेन्सिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळ कूपर्स लेक नावाचं मोठं कॅम्पग्राउंड आहे. तिथे दर उन्हाळ्यात दोनेक आठवडे दहा हजारांच्या आसपास माणसं तंबू ठोकून मध्ययुगात राहायला येतात. हा उद्योग सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम या संस्थेचा. संस्था १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला एका घराच्या परसात सुरू झाली आणि पेन्सिक १९७२ पासून भरतंय. ईस्ट किंगडम आणि मिडल किंगडम या दोन काल्पनिक राज्यांचं ते युद्ध. जो हरेल त्याने पिट्सबर्ग घ्यायचं, असा तिथला जुना विनोद आहे. मी पिट्सबर्गकर असल्यामुळे तो मला दर वर्षी ऐकवला जातो.

नियम एकच आहे आणि तो सोपा आहे: सतराव्या शतकाच्या आधीच्या वेशाचा प्रयत्न दिसला पाहिजे. शब्द ‘प्रयत्न’ असा आहे, परीक्षा नाही. तुमचा चष्मा, घड्याळाचा पट्टा किंवा यंत्राची टीप तपासायला कुणी येत नाही. तपासणी होते ती हवेकडून. ऑगस्टमध्ये दुपारी पारा तिशीपार, संध्याकाळी ढगफुटीसारखी सर, रात्रभर चिखल आणि पहाटे पांघरूण शोधायला लावणारी थंडी. या चारही गोष्टी एकाच दिवसात होऊ शकतात. म्हणून मखमलीचं आधी बोलू.

पहिल्या वर्षी मीही मखमलच शिवली होती. वाइनच्या रंगाची, सोनेरी किनार लावलेली, आतून सॅटिनचं अस्तर. तीन आठवडे रात्री जागून. कापड पूर्णपणे पॉलिएस्टर, पण तेव्हा ते माझ्या खिजगणतीत नव्हतं. पहिल्या दुपारी अकरा वाजता घातला आणि साडेबारापर्यंत आतून घामाने न्हाले. वारा आत शिरेना, घाम बाहेर जाईना. संध्याकाळी पाऊस आला, घेर गुडघ्यापर्यंत चिखलात माखला. दोरीवर टाकलेला तो झगा तीन दिवस वाळला नाही आणि चौथ्या दिवशी त्याला ओल्या कुत्र्याचा वास येऊ लागला. शेजारच्या तंबूतल्या एका आजींनी मला गुपचूप एक पांढरा लिननचा सदरा आणून दिला. साधा, ढगळ, कोपराला ठिगळ लावलेला. उरलेले दिवस मी त्यावरच काढले. त्या सदऱ्यातच मला झोपता आलं, भांडी घासता आली, तळ्याकाठी बसता आलं. पुढच्या वर्षी मी झगा शिवलाच नाही, चार सदरे शिवले.

तेव्हापासून मी प्रत्येक नवख्याला एकच सांगते: कपडे आतून बाहेर शिवत या. आपली ओढ उलटी असते, बाहेरचा दिसणारा कपडा आधी आणि आत टी-शर्ट. मध्ययुगातल्या युरोपातली माणसं असं करत नव्हती. त्यांच्या अंगाला लागायचं ते लिनन. घाम, मळ, तेल सगळं ते प्यायचं आणि तेच पुन्हा पुन्हा धुतलं, उकळलं, उन्हात टाकलं जायचं. वरचा लोकरी झगा सहसा धुवायचाच नाही, तो झटकायचा, ब्रशने साफ करायचा, हवेवर टांगायचा. म्हणजे आतला कपडा संख्येने जास्त आणि बाहेरचा कमी. छावणीतही हेच गणित चालतं, कारण तिथे कपड्यांची अडचण बरीचशी तेव्हाच्यासारखीच असते. धुवायला बादली, वाळवायला दोरी.

याचा पुरावा पाहायचा तर तुमच्या जवळच आहे. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात तेराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये रंगवलेलं एक चित्रमय बायबल आहे, मॅचिएओव्स्की बायबल म्हणून ओळखलं जातं. त्याची पानं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. राजे आणि लढाया सोडून द्या, त्यातले राबणारे लोक पाहा: उन्हात काम करणारे पुरुष नुसत्या पांढऱ्या सदऱ्यात आणि चोळण्यात आहेत. (हे पुस्तक पुढे १६०८ मध्ये इराणच्या शाह अब्बासकडे भेट म्हणून गेलं आणि त्याच्या समासात फारसी ओळी लिहिल्या गेल्या. बखरींचा नाद असलेल्याने तेवढ्यासाठी तरी ती पानं उलटावीत.) दुसरं पाहायचं ते बेरीच्या ड्यूकसाठी लिम्बर्ग बंधूंनी १४१२ ते १४१६ च्या सुमारास रंगवलेल्या प्रार्थनापोथीतलं जून महिन्याचं पान. गवत गोळा करणाऱ्या बायकांनी झगे वर खोचलेत आणि खालून आतला पांढरा सदरा दिसतोय. आपल्याकडे लावणीला वाकलेल्या बाईची साडी आठवा, खोचण्याची तऱ्हा तीच.

आता कापड. सदऱ्यासाठी लिनन घ्या, मध्यम वजनाचं, म्हणजे चौरस वाराला पाच-साडेपाच औंसाचं. त्याहून पातळ घेतलं तर सुंदर दिसतं, पण कोपर आणि काख पहिल्याच वर्षी विरतात. दुकानात नुसत्या पाटीवर विश्वास ठेवू नका. मला एकदा ‘लिनन’ म्हणून आठ वार कापड मिळालं ते लिननसारखं विणलेलं पॉलिएस्टर निघालं, आणि ते मला सदरा शिवून झाल्यावर कळलं. तेव्हापासून मी कडेचे दोन धागे काढून घरी बशीत पेटवते. लिनन आणि सुती कापड कागदासारखं जळतं, मऊ राखाडी राख पडते, बोटात चुरली की भुकटी होते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि त्याचा काळा कडक मणी होतो. राखेत बारीक खडा लागला तर मिसळीचं कापड. लोकरीचा वास केस जळल्यासारखा येतो आणि ज्योत बाजूला नेली की ती आपोआप विझते. हा खेळ नुसता अस्सलपणाचा नाही. रात्री सगळे शेकोटीभोवती बसतात, ठिणग्या उडतात. लोकरीवर ठिणगी पडली तर काळा ठिपका राहतो, पॉलिएस्टरवर पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. मुलासाठी तरी एवढं पाळाच. लिननही पेट घेतंच, म्हणून ढगळ बाह्या चुलीपाशी कोपराच्या वर गुंडाळायच्या.

तुमच्याकडे भारतातून आणलेली खादी असेल तर ती वापरा, संकोच नको. पांढऱ्या हातमागाच्या खादीचा सदरा चार हातांवरून लिननसारखाच दिसतो. फरक एवढाच की ती घाम धरून ठेवते आणि वाळायला जास्त वेळ घेते. म्हणून मी खादी रात्री झोपायच्या सदऱ्याला वापरते. युरोपात कापूस अगदीच अनोळखी नव्हता, इटलीत सुताच्या बाण्याचं आणि लिननच्या ताण्याचं फस्टियन बाराव्या शतकापासून विणलं जात होतं. पण सबंध सुती झगा तिथल्या शेतकरणीच्या अंगावर शोभत नाही.

कापड आलं की आधी गरम पाण्यात धुवा आणि ड्रायरमध्ये वाळवा, दोनदा. लिनन आटतं. ते शिवण्याआधी आटलं पाहिजे, नंतर नव्हे.

बेतायला कागदी साचा लागत नाही, आणि इथेच आपल्याला फायदा आहे. त्या काळचा सदरा म्हणजे चौकोन आणि त्रिकोण. कापड महाग, विणणं कष्टाचं, त्यामुळे चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही असा त्यांचा हिशोब. कळीदार कुर्ता ज्याने उसवून पाहिलाय त्याला यात नवीन काही नाही: सरळ अंग, सरळ बाही, बाजूला कळ्या आणि काखेत चौबगला. माझ्या आजोबांचा शिंपी काखेतल्या त्या चौकोनी तुकड्याला चौबगलाच म्हणायचा. इथल्या शिवणवर्गात पहिल्यांदा तो तुकडा पाहिला तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

छाती चाळीस इंच धरून तुमच्या यजमानांचा सदरा बेतून दाखवते. ढिलाईला आठ इंच धरा, म्हणजे घेर अठ्ठेचाळीस, पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी चोवीस आणि शिवणीला एक इंच मिळून पंचवीस. लांबी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत दुमडीसकट बेचाळीस. खांद्याला शिवण घालायची नाही, म्हणून चौऱ्याऐंशी इंच लांब आणि पंचवीस रुंद अशी एकच पट्टी काढायची आणि मधोमध दुमडायची. कापडाचा पन्हा धुतल्यावर पंचावन्न-छप्पन्न इंच उरतो, म्हणजे शेजारी तीस इंच रुंदीची पट्टी शिल्लक. त्यात एकाखाली एक दोन बाह्या: प्रत्येकी वीस इंच रुंद, चोवीस लांब. त्यांच्याखाली अकरा बाय चोवीसचे दोन आयत काढा, दोन्ही तिरपे कापा. एका आयतातून दोन अर्धे त्रिकोण निघतात, उलटसुलट ठेवून त्यांच्या सरळ कडा जोडल्या की एक कळी. अशा दोन कळ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. उरलेल्या तुकड्यातून पाच-पाच इंचाचे दोन चौबगले आणि गळ्याची पट्टी. आटणं धरून पावणेतीन वार कापड पुरतं. हाती उरतात त्या मूठभर चिंध्या, आणि त्याही मी टाकत नाही, आमच्या गोधडीत जातात.

शिवताना अडतो तो चौबगलाच, म्हणून तेवढं जवळून सांगते. चौबगल्याची एक कड बाहीच्या वरच्या टोकाला लावा, पण टीप कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबवा आणि तिथे दोन टाके उलटे घ्या. मग बाहीचं हे सगळं टोक अंगाला जोडा, बाहीची मधली खूण खांद्याच्या घडीवर ठेवून. आता चौबगल्याच्या दोन कडा मोकळ्या उरतात. मनगटापासून शिवत या, बाहीच्या कडेला चौबगल्याची पुढची कड जोडत, आणि कोपऱ्यावर पोचलात की सुई कापडातच रुतलेली ठेवा. यंत्राचा पाय उचला, कापड वळवा, खालची घडी बोटाने चाचपून सपाट करा, पाय खाली घ्या आणि खाली कळीकडे उतरत जा. पहिल्या खेपेला कोपऱ्यात चुणी येईल. उसवा, पुन्हा करा. दुसऱ्या सदऱ्याला येणार नाही. हा तुकडा नसेल तर हात वर केला की सगळा सदरा वर चढतो आणि दोन दिवसांत काख फाटते. तंबूच्या दोऱ्या ओढताना हात किती वेळा वर जातो ते तिथे कळेल.

गळा सगळ्यात शेवटी कापा आणि लहान कापा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचे पहिले सदरे गळ्यापायी वाया गेलेत. आपण ब्लाउजच्या हिशोबाने खोल गळा काढतो आणि इथे तो खांद्यावरून घसरतो. घडीवर मध्य काढा, डावीउजवीकडे तीन-तीन इंच, मागे एक इंच, पुढे तीन इंच, आणि लंबगोल काढा. पुढे मध्यावर सहा इंचांची चीर द्या, म्हणजे डोकं आरामात जातं. छिद्र मध्यापासून पुढे सरकवलेलं असतं ते विसरू नका. बरोबर मध्यावर कापलं तर सदरा दिवसभर मागे ओढत राहतो आणि गळा काचतो. चिरेच्या तळाशी दोन-तीन मजबूत आडवे टाके घाला. वर बांधायला नाडी हवी असेल तर छिद्र कात्रीने कापू नका. दाभणाने धागे बाजूला सारा आणि भोवती दाट टाके घाला. धागे न तुटल्यामुळे ते छिद्र कापडाच्याही पुढे टिकतं.

यंत्र वापरायचं की हात? लांब आतल्या शिवणी खुशाल यंत्राने मारा. हात वापरायचा तो जिथे डोळा जातो तिथे: गळा, मनगट, घेराची दुमड. हाताने तुरपाई केलेला गळा यंत्रावरच्या टिपेपेक्षा वेगळा बसतो. दोरा लिननचा मिळाला तर मेणावरून ओढून घ्या, नाहीतर साध्या सुती दोऱ्यालाही मेण लावलं की गाठी पडत नाहीत. आतल्या कडा उघड्या ठेवू नका. शिवणीची एक बाजू थोडी कापून दुसरी तिच्यावर दुमडून बसवा, चांगल्या कुर्त्याच्या बाजूला असते तशी. हे कपडे बादलीत आपटले जाणार आहेत.

आता बाहेरचा कपडा. तुमच्यासाठी आणि यजमानांसाठी याच कृतीने, दोन-तीन इंच जास्त ढिलाई ठेवून झगे शिवा. पुरुषाचा गुडघ्याखाली, बाईचा घोट्यापर्यंत. बाईच्या झग्याला चार कळ्या घाला, बाजूला दोन आणि पुढे-मागे एकेक. मधली कळी लावायला अंगाला खालून चीर द्यावी लागते आणि तिचं टोक बसवताना चौबगल्याचाच त्रास पुन्हा होतो. ग्रीनलंडमध्ये हेरयोल्फ्सनेसच्या दफनभूमीत १९२१ मध्ये पोल नर्लुंड यांनी उत्खनन केलं, तेव्हा थिजलेल्या जमिनीत चौदाव्या-पंधराव्या शतकातले लोकरी झगे आणि कुंच्या सापडल्या. त्या झग्यांच्या घेरातल्या कळ्या पाहिल्या की जगाच्या त्या टोकाच्या शिंप्यांचा हिशोब आपल्या शिंप्याहून फार वेगळा नव्हता असं वाटतं.

अस्सल बोलायचं तर बाहेरचा झगा लोकरीचा हवा. पण ऑगस्टच्या दुपारी पहिल्याच वर्षी लोकर नको, तुम्ही मला शिव्या घालाल. रंगीत लिननचा शिवा. इतिहासाच्या दृष्टीने ही तडजोड आहे, हे जाणून करा: लिननवर तेव्हाचे रंग नीट चढत नसत, लोकरीवर चढत. आमच्या छावणीतल्या निम्म्याहून अधिक बायका हीच तडजोड करतात. रंग निवडताना मात्र चित्रपटातला गोणपाटी तपकिरी विसरा. त्या माणसांना रंगांची हौस होती. वोडचा निळा, वेल्डचा पिवळा आणि मॅडरचा तांबडा, तिन्ही वनस्पतींपासून काढलेले रंग. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण, म्हणून तिचा विटकरी लाल आपल्याला ओळखीचा वाटतो. मखमलीचा तो हिरवा फार आवडला असेल तर तोच हिरवा लिननमध्ये शोधा.

घेर जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. दुकानातल्या आरशापुढे आखूड वाटेल, चिखलात बरोबर वाटेल. चालताना कमरपट्ट्यात वर खोचायचा.

डोकं झाका. ऊन तर आहेच, शिवाय आठ दिवस केस रोज धुता येत नाहीत. बायकांना साधं पांढरं फडकं, केसांवर घट्ट पट्टी बांधून तिच्यावर टाचणीने लावलेलं. यासाठी जुन्या मलमलीच्या धोतरासारखं दुसरं कापड नाही. माझी दोन फडकी आजोबांच्या धोतराची आहेत आणि तिथल्या बायका ती हातात घेऊन पोत बघतात. पुरुषांना आणि मुलाला गवताची रुंद कडेची टोपी. ती त्या काळच्या चित्रांतही शेतात दिसते.

लोकरीची एकच गोष्ट शिवा ती म्हणजे कुंची. हो, आपल्या बाळाची असते तीच, डोकं, मान आणि खांदे झाकणारी, फक्त मोठ्या माणसाच्या मापाची. स्वीडनमध्ये १९३६ साली दलदलीत सापडलेल्या बॉक्स्टेनच्या माणसाच्या कुंचीला मागे लांब शेपूट होतं. ते शिवलंत तर मुलं रात्रभर ते ओढत फिरतील. माणशी एक वार लोकर पुरते, जुनी लोकरी शाल कापली तरी चालते. पहाटेच्या थंडीत आणि रिमझिम पावसात कुंचीएवढा उपयोग कशाचाच होत नाही, ती ओली झाली तरी ऊब देते.

यजमानांना खाली चोळणा: लिननचा, गुडघ्यापर्यंतचा, ढगळ, वर नेफा आणि नाडी. लेंगा शिवता येत असेल तर झालंच. त्यावर चढवायचे लोकरी पायमोजे उरेप कापडावर बेततात, पाय वेगवेगळे आणि कमरेला बांधलेले. ते पहिल्या वर्षी सोडून द्या. चोळणा आणि वर लांब झगा एवढ्यावर कुणी बोट दाखवत नाही.

संख्या विचारलीत. मोठ्या माणसाला माणशी तीन सदरे दिवसाचे, एक रात्रीचा. बाहेरचे झगे दोन, त्यातला एक वाळत असतो. कुंची एक. मुलाला सदरे पाच. मुलाच्या सदऱ्यांना खांद्याला आणि घेराला आतून टक घालून ठेवा, पुढच्या वर्षी उसवता येतील. सहा आठवड्यांत हे सगळं होत नसेल तर झगे कमी करा, सदरे नाही. तिथे गेल्यावर एखादा झगा बाजारात विकत मिळतो, आणि या संस्थेच्या अनेक मेळ्यांत नवख्यांना उसने कपडे देण्याची ‘गोल्ड की’ नावाची सोय असते. अंगाला लागणारा सदरा मात्र उसना आणवत नाही.

चपला-बुटांवर यंदा खर्च करू नका. साधे, तपकिरी, कातडी, लेस असली तरी चालतील. कोल्हापुरी मात्र घरीच ठेवा, पहिल्या सरीत त्यांचा भिजलेला पाव होतो.

मंगळसूत्र काढायची काहीच गरज नाही. सदऱ्याचा गळा लहान ठेवलात तर ते आत राहतं. बाहेर दिसलं तरी चारजणी काळे मणी कुठले म्हणून विचारतील, एवढंच.

राहिला मावळा. इथे एक गंमत आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकातलं मध्ययुग पेशवाईपर्यंत येतं, युरोपाचं मध्ययुग पंधराशेच्या आसपास संपतं आणि संस्थेची रेघ सोळाशेवर आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०चा. म्हणजे मावळा तीस वर्षांनी हुकला. पण चिरंजीवांना हे असं सांगू नका, त्यांना तीस वर्षं मागे न्या. महाराजांचे आजोबा मालोजीराजे अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार होते, ते सोळाशेच्या आतले. युरोपाबाहेरच्या माणसांनाही या मेळ्यात जागा आहे, आणि दख्खनचा सैनिक म्हटलं की सुती कापड एकदम अस्सल ठरतं. वेश पाहायला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही निजामशाहीतली सचित्र पोथी आहे, १५६५च्या तालिकोटच्या लढाईचं कौतुक करणारी. तिच्या चित्रांच्या प्रती मिळतात. आत वडिलांच्याच मापाने लहान केलेला सदरा आणि चोळणा. वर पांढऱ्या खादीचा जामा: छातीवर एकावर एक येणारा, बाजूला बंदांनी बांधायचा, कमरेखाली चुण्यांचा घेर. त्यावर रंगीत शेला. डोक्याला लहानसं पागोटं, ते रोज सकाळी बाबांनी बांधायचं.

तिथली मुलं त्याला घोडा कुठाय असं हमखास विचारणार. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर लढतो तो बारगीर, हे त्याला आधीच शिकवून ठेवा. तो बारगीर आहे. घोडा सरकारातून यायचाय.